पेन्सिलीतला शब्द

हनीफभाई गेल्याचं त्यांच्या मुलानं, फैजलनं फोनवर कळवलं. मी मंगरूळपीरच्या स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली नि गेली… मी चढलोच नाही.

तहसीलसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं हे पोटापाण्याचं काम. जीव मात्र विधानसभेत. अधिवेशन जवळ आलं की आमदारांसाठी ते प्रश्न लिहून देत. ‘हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ स्वतः ते कधी सभागृहाच्या गॅलरीतही बसले नव्हते.

एका पावसाळ्यात आमच्या नाल्यावरचा पूल एका बाजूनं खचला. माझ्या शाळेची पोरं त्यावरूनच येत. मला ‘खचला’ हा शब्द मिळमिळीत वाटला.

“वाहून गेला लिहा, हनीफभाई. खचल्याले मुंबईत कोन विचारते?”

“पन मास्तर, अर्धा उभा हाये ना!”

मी हट्टाला पेटलो, त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पुढल्या अधिवेशनात त्यांनी ‘खचला’ लिहिलं, तेव्हा कुठं दुरुस्ती झाली. तोवर पोरं चिखल तुडवत आली. माझी ती लाज अजून गेलेली नाही. हनीफभाईंनी मला बोल लावला नाही, एवढंच म्हणाले, “एक शब्द चुकला का सरकार त्याच दारातून निंगून जाते, मास्तर.”

तेव्हापासून प्रश्नातला कळीचा शब्द ते पेन्सिलीनं लिहीत. स्वतः जाऊन पाहिलं की मगच त्यावर पेन फिरवत. मी त्यांची टिंगल करायचो, आमदारापेक्षा तुमचाच दौरा मोठा म्हणून.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर फैजलनं त्यांचं प्रश्न लिहायचं पॅड माझ्यापुढं ठेवलं. शेवटचा प्रश्न ग्रामीण रुग्णालयाचा होता. सगळा मजकूर पेनानं, एकच शब्द पेन्सिलीत… एक्स-रे यंत्र ‘बंद’ आहे, हे खरे आहे काय?

“अब्बाले जाऊन पाहाचं होतं,” फैजल म्हणाला. “तसाच पाठवू का?”

मी पॅड घेऊन दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो. यंत्र धडधाकट होतं. ते चालवणाराच सहा महिन्यांपासून नव्हता; हात मोडलेली एक बाई बाकावर बसून वाशीमच्या गाडीची वेळ विचारत होती. मी तिथंच बाकावर बसलो, ‘बंद’ खोडरबरानं पुसला आणि पाहिलं ते पेनानं लिहिलं.