पाचवा 'का'

आमच्या चाकणच्या कंपनीत रंगरावांना सगळे घाबरायचे, ते त्यांच्या 'का'मुळे. माल नापास झाला की हे क्वालिटीचे साहेब वही घेऊन यायचे आणि एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचे. पाचव्याला दोषाचं मूळ सापडतं, अशी पद्धत. घरी दूध उतू गेलं तरी जयमालावहिनींची अशीच चौकशी व्हायची. तिसऱ्या 'का'ला वहिनी लाटणं उचलायच्या, म्हणून तिथलं मूळ अजून सापडलेलं नाही.

यंदा कंपनीने रंगरावांना 'कोच' केलं, म्हणजे कामगारांशी बोलून त्यांना वाट दाखवणारा. आकुर्डीच्या हॉटेलात दोन दिवस पनीर खाऊन ते प्रश्नांचं कार्ड घेऊन परतले. त्यावर पहिलाच नियम : 'का' विचारू नये, समोरचा सबबी सांगायला लागतो. बावीस वर्षांची विद्या एका ओळीत पाण्यात!

पहिली बैठक अनिताबरोबर. तिच्या तपासणीच्या टेबलावरून महिनाभर खराब माल पुढे जात होता, आणि तीस तारखेला तिचं कंत्राट संपणार होतं. रंगराव काय लिहितात त्यावर तिची नोकरी. मी स्टोअरचा माणूस; नोंद घ्यायला मला बसवलं होतं.

"तुम्हाला काय साध्य करायचंय?" रंगरावांनी कार्ड वाचलं.

"तीस तारखेनंतर बी कामावर यायचंय, साहेब."

यावर कार्डात काही नव्हतं. जिभेवर आलेला 'का' गिळून रंगराव कार्ड उलटंपालटं करत राहिले. चांगली दोन मिनिटं. शेवटी अनिताच बोलली, "टेबलावरची ट्यूब काढल्यापासून बारीक चीर दिसत न्हाई."

ट्यूब रंगरावांनीच काढली होती. वीजबचतीची ढालही मिळाली होती त्यांना. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या.

"मग आधी का न्हाई सांगितलंस?" कार्डाचं भान सुटून ते ओरडले.

"तुमी विचारायचा की! पन पाचव्या 'का'ला दर बारीला आमचंच नाव निघायचं."

रंगरावांनी कार्ड खिशात घातलं. मला त्यांची कीव आली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

त्यांनी बैठकीच्या फॉर्मवर दोषाचं मूळ म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फॉर्म परत आला : साहेबांचं नाव चालत नाही, कामगाराचं लिहा. रंगराव फॉर्म घेऊन तडक आत गेले. दाराबाहेर आम्ही चार 'का' मोजले.

एक तारखेला अनिता ट्यूबखाली कामाला बसली. रंगरावांचं कोचपद मात्र कंपनीने काढून घेतलं. कारण कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.