गाठोड्यातल्या चिंध्या

मैत्रिणींनो, आपल्या गोधडी ग्रुपच्या या वेळच्या स्पर्धेचा विषय होता ‘जपून ठेवलेलं’. भिंतीवर लावता येईल एवढीच छोटी गोधडी. माझी आज दुपारी पूर्ण झाली.

चिंध्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या. ते नेसून त्या गावी, निंबोल्याला, मळ्यात जायच्या, केळीच्या चिकाचे डाग अजून आहेत. मला दिवस गेले तेव्हा त्यांनीच तुकडे कापून गाठोड्यात बांधले. शिवू मात्र दिले नाहीत. "लेकरू यायच्या आधी सुई लावत नसतात," म्हणाल्या.

सातव्या महिन्यात सगळं संपलं. शेजारीपाजारी कोणाला काही सांगितलं नाही, घरातही विषय बंद. गाठोडं तसंच राहिलं.

आज फोटोसाठी गोधडी पलंगावर पसरली आणि सासूबाई आत आल्या. वाटलं, चिडतील. त्या खाली बसल्या आणि डागांवरून हात फिरवत राहिल्या.

माप ग्रुपनं भिंतीसाठी दिलं होतं. बाळाला बरोबर पुरलं असतं.

"टाक फोटो," त्या म्हणाल्या. "कोनाले तं मालूम पडू दे."

म्हणून टाकतेय. नंबर नाही दिला तरी चालेल, फक्त एवढं वाचा.

मुलगी होती.