छातीतला डाग

सुरतेतलं एकही आरोग्य शिबिर आमच्या थोरल्या साडूंना कधी चुकलं नाही, आणि गेल्या वर्षापर्यंत एकाही शिबिरात त्यांची स्वतःची तपासणी झाली नव्हती. नवागामच्या आमच्या गल्लीचं आरोग्य खातं त्यांनी कुणी न देता स्वतःकडे घेतलेलं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात अख्ख्या गल्लीची आरोग्य कार्डं. कुणाच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही, कुणाच्या लसीची तारीख टळली, सगळं तोंडपाठ. यंत्रमागावरची पाळी संपवून आले की जेवायलाही नीट बसत नसत. एक घास तोंडात, एक पाय चपलेत. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "या मानूसना पायले भवरा शे."

मोबाइलवर औषधपाण्याची नवी बातमी आली की ती पहिल्यांदा मला ऐकावी लागे. गेल्या वर्षी छातीचा फोटो काढणारी गाडी येणार असं कळलं, तर आठ दिवस आधीपासून माझा चहा गार होत होता. "साडूभाऊ, डॉक्टरना आगोदर कॉम्प्युटर फोटो वाचस," असं ते अशा थाटात सांगत, जणू त्या कॉम्प्युटरला बाराखडी यांनीच शिकवली. गाडी आली त्या सकाळी त्यांनी अख्खी गल्ली रांगेला लावली. मागे सरणाऱ्या म्हाताऱ्यांना दंडाला धरून आणलं. प्रत्येकाला तेच वाक्य: "फोटो शे, फाशी नही."

आणि हे सगळं खोकत खोकत. तो खोकला दिवाळीपासूनचा. विचारलं तर म्हणत, मागावरची धूळ आहे. दोनदा नाव लिहून दोनदा आपला नंबर दुसऱ्याला दिलेला. मला त्यांचा राग यायचा, कारण दुसऱ्यांना रांगेत ढकलणारा हा माणूस स्वतः घाबरट आहे हे मला दिसत होतं आणि बोलायची सोय नव्हती.

शेवटी माझ्या बायकोने गुपचूप त्यांचं नाव यादीत घातलं. नाव पुकारलं गेलं आणि साडू पिशवी सावरत मागे सरले. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "फोटो शे, फाशी नही." सगळी रांग हसली. साडूंचा नाइलाज झाला.

दुपारी दवाखान्यातल्या गुजराती नर्सबाईंचा फोन आला तो अक्काने घेतला. "बेन, काकानी छातीमां डाघ देखाय छे. काले लईने आवजो." भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. अक्काला ऐकू आलं ते एवढंच: डाग, उद्या घेऊन या. आमच्या खान्देशात डाग म्हणजे सोन्याचा दागिना. तिने कुणाला काही विचारलं नाही, उद्या दवाखान्यात बोलावलंय एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडूंना आम्ही कसंबसं दवाखान्यात नेलं, तेव्हा अक्काने नर्सबाईंसमोर रुमालाची गाठ सोडली. आत तिची पोत होती.

"ल्या बाई," ती म्हणाली, "घरमा इतलाच डाग शे. पन यासले बरं करा."

नर्सबाईंना काही कळेना. मला कळलं आणि हसू फुटलं, पण साडूंच्या चेहऱ्याकडे बघून ते तिथेच विरलं. खोकल्यामागची भीती कुणालाच कळली नाही असं त्यांना वाटत होतं, आणि ही बाई गळ्यातली पोत काढून उभी होती. त्यांनी पोत उचलली आणि तिच्या गळ्यात घालू लागले. चालू मागावर तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारे ते हात, पण फासा काही अडकेना. शेवटी तो माझ्या बायकोने अडकवला. साडू म्हणाले, "बाई, काय तपासनं शे ते तपासा."

थुंकी तपासली, क्षय निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या. आता चौथा महिना चालू आहे, खोकला गेला आहे, वजन भरलं आहे, आणि गोळी घेतल्याशिवाय अक्का त्यांना उंबरा ओलांडू देत नाही.

परवा गाडी पुन्हा आली. पिशवी घेऊन साडू हजर होतेच. एक तरुण विणकर ऐनवेळी रांगेतून निघाला, तेव्हा मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. पण ते ओरडले नाहीत. त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी बी घाबरेल व्हतू."