फ्रँकफर्टमधल्या तारल्या

फ्रँकफर्टमध्ये मासा कुठे चांगला मिळतो, असं कुणी विचारलं तर मी आज अर्धा तास बोलू शकते. हे ज्ञान मी हौसेनं मिळवलेलं नाही. मी आईला पकडायला निघाले होते, त्यात ते मिळालं.

आई तेव्हा त्र्याहत्तरची. बाबा गेल्यापासून मालवणजवळच्या आमच्या घरात एकटी राहत होती. त्या वर्षी फेब्रुवारीत तारलीचा काटा तिच्या घशात अडकला. सुका भात गिळून झाला, केळं गिळून झालं, काटा काही हलेना. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षात घालून तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी हे ऐकून हसले असते. पण आम्हा दोघी बहिणींना आणि बाबांना या बाईनं उभा जन्म काटे काढून मासा वाढला होता आणि आमच्यापैकी कुणाच्या घशाला कधी ओरखडा आला नव्हता. ताईनं पुण्याहून मला फोन केला तो थेट निकाल सांगायलाच. "तिला दिसत नाहीये. लपवतेय."

आईचं म्हणणं, वीज गेली होती.

ताईनं तिला दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा घाट घातला. दोन्ही वेळा आई एसटी स्टँडपर्यंत गेली आणि काहीतरी निमित्त काढून परत फिरली. मग आम्ही बहिणींनी ठरवलं, की ती तीन महिने माझ्याकडे येईल, मी नीट लक्ष ठेवीन, आणि खरंच दिसत नसेल तर परत गेल्यावर मालवणचं घर बंद करून तिनं पुण्याला ताईकडे राहायचं. ताईच्या सासरची माणसं सोन्यासारखी आहेत, पण घर पक्कं शाकाहारी. त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणजे आईचं घर आणि आईचा मासा, दोन्ही एकदम जाणार होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं ठाऊक होतं.

मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितला. मिळाला तो पाच महिन्यांनंतरचा, तिचा व्हिसा संपून ती परत गेल्यावरचा. मी दवाखान्यातल्या फोनवरच्या बाईवर भडकले, तिनं शांतपणे "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत ऐकून घेतलं आणि तारीख तीच ठेवली.

घरात आईला पकडणं अशक्य होतं. आल्या आल्या दोन दिवसांत तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे आपल्या हातानं लावून घेतले. चहा टाकायची, भाकरी करायची, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची वेणी घालायची. वर्तमानपत्र नाही, टीव्हीला "तुमची भाषा कळत नाही" म्हणायला मोकळी. मला शंका यायची, मग माझीच मला लाज वाटायची. खात्रीचा उपाय एकच होता. काटेरी मासा तिच्यासमोर ठेवायचा आणि बघत बसायचं.

आणि ती मासा खायलाच तयार नव्हती.

आधी मी तिला शहराच्या मधोमध असलेल्या छपराखालच्या बाजारात नेलं. तिथल्या मासेवाल्याकडे बर्फावर सगळं उघडं मांडलेलं असतं, काचेच्या आड नाही. आईनं सरळ हात घातला, एका माशाचा कल्ला उघडून आत बोट फिरवलं, पोट दाबलं. मासेवाला ओरडला, हात लावायचा नाही. इथं सगळ्यांना हे कळतं, फक्त आम्हाला नाही. मी माफी मागितली आणि आईवर चिडले, "नुसतं बघून नाही कळत का?" ती म्हणाली, "बघून फसवतात गो. बोटाला फसवता येत नाही." मग चार दिवसांचा मासा आहे असा शेरा मारून ती बाहेर पडली. माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं, पण मी तेव्हा रागावण्यात गुंतले होते.

स्टेशनापलीकडे एक तुर्की दुकान आहे. पुढे मासा निवडायचा, मागे भाजून देतात. तिथे पोचल्यावर आईला आठवलं, की आज गुरुवार. तिनं आयुष्यात गुरुवार पाळलेला मी पाहिलेला नव्हता. टाउनुसच्या डोंगरात ट्राउट चांगला मिळतो म्हणून रविवारी तासभर गाडी हाणत गेलो. आईनं तळ्याकडे एकदा नाक केलं. "गोड्या पाण्यातला? चिखलाचा वास मारतो." स्टेशनवरच्या पावातला तळलेला तुकडा तेवढा तिनं खाल्ला, कारण त्यात काटा नसतो. "मऊ आहे," म्हणाली, "फक्त यात मासा कुठे आहे ते सांग."

एका गोष्टीचं मात्र तिला फार नवल वाटलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर शुक्रवारी मासा असतो. इथली ती जुनी रीत आहे, शुक्रवार म्हणजे मासा. "ऑफिसात मासा देतात?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. मग शुक्रवारी मी घरी आले की चपला काढायच्या आत प्रश्न, "आज कुठला होता?" मी म्हणायचे, "आई, पांढरा चौकोनी तुकडा. त्याला चव नसते, नाव कशाला असेल?"

तिच्या परतीला दहा दिवस उरले आणि ताईचा फोन आला. खोली रिकामी करायला घ्यायची का, तिला कळायला हवं होतं. सासूबाईंनी त्यांचं कपाट हलवायची तयारी दाखवली होती. "रविवारपर्यंत सांग. हो किंवा नाही," ताई म्हणाली. "घरी एकटी असताना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. आणि तुलाही."

रविवारी दुपारी मी आईला आणि मुलीला घेऊन एका पोर्तुगीज खानावळीत गेले. कुठे जातोय ते आईला सांगितलं नाही. तिथं सार्डिन निखाऱ्यावर भाजून देतात, म्हणजे आपल्या तारल्याच, डोक्यासकट, शेपटीसकट, सगळ्या काट्यांसकट. हे ठिकाण मला आधीपासून माहीत होतं. मी ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं, आणि याची मला अजून लाज वाटते.

खिडकीजवळचं टेबल मी मुद्दाम घेतलं, उजेडाची सबब नको म्हणून. लांबट ताटात सहा तारल्या आल्या, बाजूला उकडलेले बटाटे. वास आला आणि आईचा चेहराच बदलला. "तारली," ती म्हणाली. वेटरनं विचारलं, आजींसाठी काटे काढून देऊ का? मी नको म्हटलं, "नाइन, डांके." आईला जर्मनचं अक्षर कळत नाही. पण तिनं मान माझ्याकडे वळवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. तिला सगळं कळलं होतं.

तिनं ताट स्वतःकडे ओढलं. बांगड्या मागे सारल्या. पहिल्या तारलीच्या डोक्याखाली अंगठा रोवला आणि शेपटीपर्यंत असा काही नेला, की कणा अख्खा वर आला. दुसरी. तिसरी. तिचं खाली लक्षच नव्हतं, माझ्याकडे बघून ती बोलत होती, मालवणच्या बाजारातल्या कुठल्याशा भांडणाबद्दल. बाजूला काट्यांचा ढीग वाढत होता. माझा जीव भांड्यात पडला. ताईला काय लिहायचं ते मी मनात जुळवायलाही लागले. आई छान आहे, खोली राहू दे.

"भात नाही ना इथं," म्हणत तिनं बटाटा कुस्करला, त्यात मासा मिसळला आणि लहानपणी करायची तसे दोन घास केले. एक माझ्या ताटात ठेवला, एक मुलीच्या.

मी माझा तोंडात टाकला आणि काटा लागला.

बारीक नव्हता. पोटाजवळचा, चांगला टोकदार, जिभेच्या कडेला रुतला. समोर मुलगी काट्याचमच्यानं तिचा घास उचलत होती. मी झटक्यात तिचं ताट ओढून घेतलं. "मामा! वास माख्स्ट डू?" आई, काय करतेस, म्हणून ती ओरडली. आईचे हात चौथ्या तारलीवर थांबले.

"लागला?" तिनं विचारलं.

"नाही. गरम आहे."

"गरम नाही," आई म्हणाली. "मी आत्ता हातात धरला होता."

मी तोंडातला काटा काढून रुमालात लपवला. लपवायची काही गरज नव्हती, तिला तो दिसलाच नसता. हे ध्यानात आलं आणि मला रडू फुटलं. भर दुपारी, भरल्या खानावळीत, चव्वेचाळीस वर्षांची बाई मी.

"उजव्यानं काहीच दिसत नाही," आई हळू म्हणाली. "डाव्यानं समोरचं तेवढं, तेही धुरकट. पण मी सांभाळते ना? चूल सांभाळते, विहीर सांभाळते. तीन माशांत एक काटा राहिला. ताईला नको सांगू. तिकडे मला काही कमी पडणार नाही, ते मला माहीत आहे. पण नको."

आईनं मला असं कधीच काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हात धुवून येते, असं सांगून उठले, आणि बेसिनपाशी उभी राहून ताईला दोनच शब्द लिहिले. दिसत नाही.

परत आले तेव्हा चौथीही सोलून झाली होती. मुलगी आजीच्या बोटांपाशी वाकून एकेक काटा तपासत होती आणि सापडला की "दा!", हा बघ, म्हणून दाखवत होती. मी बसले.

"लिहिलंस?" आईनं विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं उरलेल्या तारल्या खाल्ल्या, सावकाश, प्रत्येक घास बोटांत दोनदा चुरून. डोकी चोखली. कातडीचा करपलेला तुकडासुद्धा ठेवला नाही. मी समोर बसून बघत राहिले.

पुण्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते येणार नाही, पण उरलेलं थेंबांवर टिकेल. आणखी सहा महिने गेले असते तर तेही गेलं असतं. म्हणजे मी बरोबरच केलं. ताई दर वेळी मला हे सांगते, आणि मी दर वेळी ते ऐकून घेते.

आई तिथं बरी आहे. सासूबाई तिला हाताला धरून बागेत नेतात. पण शुक्रवारी इथले दोन वाजले, की तिचा फोन येतो. आधी दार लोटल्याचा आवाज येतो, मग पलंग करकरतो.

"आज शुक्रवार ना," ती म्हणते. "कुठला होता?"

सुरुवातीला मी "वरण-भात खाल्ला" असं सांगायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, "खोटं नको. मला सांग." पण चौकोनी पांढऱ्या तुकड्याचं सांगून सांगून काय सांगणार? तेव्हा आता शुक्रवारी मी कँटीनमध्ये जात नाही. कधी तुर्की दुकानात जाते, कधी बाजारात, बहुतेकदा त्या पोर्तुगीज खानावळीत. स्वतःचे काटे स्वतः काढते, आणि मला ते अजून धड जमत नाही. वेटरला आता नको म्हणावं लागत नाही, तो विचारायचं थांबलाय.

"तारली होती," मी सांगते.

"हळू सांग," आई म्हणते. "डोक्यापासून."