न चाखलेला सिनेमा

हिंदी सिनेमानं जग जिंकलं ही बातमी यवतमाळ जिल्ह्यात सर्वांत आधी कुणी आणली असेल, तर ती आमच्या पेटीवाल्या काकांनी, आणि तीही बैलगाडीतून. पुढे वर्तमानपत्रांनी आणि रेडिओनं तीच बातमी आपल्या नावावर खपवली, ती गोष्ट वेगळी. छप्पन्न-सत्तावन्नचा सुमार असेल. आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून उठून मुंबईच्या राज्यात जाऊन बसला होता, हे कळंबात पुष्कळांना अजून नीटसं उमगलं नव्हतं. पण आपला सिनेमा रशियात, मिसरात आणि आफ्रिकेत धो धो चालतो, हे मात्र पानठेल्यावरच्या रिकामटेकड्यांनाही तोंडपाठ होतं, कारण ते काका सांगत. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून गावाबाहेर तंबू ठोकून बसलेल्या टुरिंग टॉकीजचे फलक रंगवून देत असे आणि त्याबद्दल फुकट सिनेमे बघत असे. त्या टॉकीजसाठी यवतमाळहून फिल्मच्या डब्यांची लोखंडी पेटी काका आणत. एस.टी.च्या गाड्या सुरू झाल्या होत्या, पण फिल्म म्हणजे पेट घेणारा माल, म्हणून कंडक्टर ती पेटी घ्यायला कां-कू करत. बैलांची अशी काही तक्रार नव्हती.

काका जवळच्या तांड्यातले. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते. त्या फिरत्या व्यापाराला ते 'लदेणी' म्हणत. आगगाडी आली, लदेणी बसली, आणि तांड्यानं एका जागी राहून कापूस-तूर पेरायला सुरुवात केली. काकांचंही शेत होतं आणि ते बरं पिकत होतं, पण शेतात त्यांचा जीव रमेना. "मास्तर, वावर जागचं हालत नाही ना," ते मला म्हणाले होते, "मले करमत नाही तिथं." पेटी मिळाली तेव्हा त्यांना आजोबांची लदेणी परत मिळाल्यासारखं झालं. गाडीत आधी कडबा पसरायचा, त्यावर पेटी, पेटीवर स्वतःची घोंगडी, आणि स्वतः उघड्यावर. एकदा वाटेतला नाला भरून आला, तेव्हा त्यांनी बैल सोडले, गाडी तिथंच ठेवली आणि पेटीतले डबे एकेक करून डोक्यावरून पलीकडे नेले. भिजत, कुडकुडत गावात पोचले ते "डबे पुसायले कोरडं फडकं आना" असं ओरडतच. स्वतःला पुसायला त्यांनी फडकं मागितल्याचं मला आठवत नाही.

लदेणीबरोबर आजोबांचा एक नियमही त्यांच्याकडे आला होता. वाहणाऱ्यानं वाहतोय त्या मालाला तोंड लावायचं नाही. मिठाची गोणी घेऊन महिनाभर चाललेल्या माणसानं आपल्या भाकरीसाठी मीठ मागायचं ते वाटेवरच्या गावात, गोणीतून चिमूटसुद्धा घ्यायची नाही. काकांनी हा नियम सिनेमाला लावला. परिणामी, जिल्ह्यातले सगळ्यात जास्त सिनेमे ज्या माणसाच्या हातून गेले, त्यानं एकही पाहिला नव्हता! नुसता पाहिला नव्हता एवढंच नाही. पेटी तंबूत उतरवली की ते गाडी पार नाल्यापलीकडे नेऊन सोडत, गाण्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून. मी रंगवलेल्या फलकांवरून जाताना मान फिरवत. माझी चित्रकला पाहून इतरही पुष्कळजण मान फिरवत, पण त्यामागे तत्त्व नव्हतं. एकदा हॉटेलवाल्यानं त्यांना छेडलं, "काका, हलवायानं जिलबी खाऊ नये असं कुठं असते का?" काका शांतपणे म्हणाले, "हलवाई बनवते, मी वाहतो. बनवणाऱ्यानं चाखावं, खाणाऱ्यानं चाखावं. मधल्यानं चाखलं तं भरोसा कोनाचा?"

न पाहिलेल्या या मालाविषयी त्यांना जे अप्रूप होतं, ते मी कुठल्या सिनेमाप्रेमीतही पाहिलं नाही. ते थक्क होते ते त्याच्या कमाईच्या रीतीवर. "मिठाचं पोतं इकलं का पोतं रिकामं," ते कडब्यावर बसून मला सांगत. "कापसाची गाठ गेली का गेली, थे काही वापस येत नाही. पन हे पाहा, हा डबा यवतमाळात इकला, कळंबात इकला, उद्या मारेगावले इकन, अन् डब्यात माल जेवढ्याले तेवढा! एक कनी कमी झाली नाही. अशी दौलत म्या कधी आयकली नाही, मास्तर." बोलताना ते आवाज खाली आणत, मोठ्यानं बोललं तर दौलतीला दृष्ट लागेल असं त्यांना वाटत असावं. वर्तमानपत्रात आपल्या सिनेमाला परदेशात कुठे गर्दी झाली असं आलं की ते मला दोनदा वाचायला लावत आणि मग काठीनं जमिनीवर तो देश काढून मागत. मी भूगोलाचा मास्तर असल्यानं नाही म्हणायची सोय नव्हती. "रूस म्हंजे आपल्या बैलानं किती मुक्काम?" मी हिशेब करून वर्ष-दोन वर्षं सांगितली. त्या रेघोट्यांवरून काठी फिरवत ते म्हणाले, "एवढ्या दूर जाऊन लोकायले हसवाचं, रडवाचं. कोन्या राजाले जमलं असं?"

कापसाचे एक शेटजी त्यांची थट्टा करत. तिकडच्या लोकांना आपली भाषा कळत नाही, ते काय डोंबल बघणार, असं त्यांनी एकदा बाजारात सगळ्यांदेखत विचारलं. काका म्हणाले, "शेटजी, मीठ काय हिंदीत खारट लागते का रूसच्या बोलीत?" त्या दिवसापासून शेटजींनी सिनेमाचा विषय सोडला आणि सरकीचा धरला.

त्या पेट्यांमध्ये एक जुनाट पेटी होती. तिच्यावर कुठल्या तरी परक्या लिपीतली चिठ्ठी चिकटलेली होती, अर्धी फाटलेली. काकांनी ती मला वाचायला सांगितली. मला एक अक्षर लागेना. पण 'माहीत नाही' हे शब्द मास्तरांच्या घशातून सहजी बाहेर पडत नाहीत; मी ठोकून दिलं, "रशियाची आहे." काकांनी पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. त्या दिवसापासून ती पेटी जग फिरून आलेली ठरली, आणि तिच्या वाट्याला दोन घोंगड्या येऊ लागल्या.

असं सगळं मजेत चाललं असताना काकूंचे डोळे बिघडले. चालताना दारांच्या चौकटी लागू लागल्या, बाजूनं कुणी आलेलं दिसेना. काका त्यांना त्याच गाडीतून यवतमाळला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर झाला, नजर कडेकडेनं जात जात वर्षभरात पुरती जाईल. परतताना काकूंनी काकांकडे एकच गोष्ट मागितली. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मागितलेली ती बहुधा पहिलीच असावी. त्यांना सिनेमा पाहायचा होता. सगळं जग पाहतं म्हणता ना, मग मलाही एकदा दाखवा, असं त्या म्हणाल्या.

काका माझ्या खोलीवर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. घरच्या माणसानं चाखणं म्हणजे आपणच चाखणं, असा त्यांच्या नियमाचा अर्थ होता. त्यात आजोबांनी डोळ्यांची तरतूद केलेली नव्हती. "तिले नाही म्हनू शकत नाही, अन् व्हय म्हनू शकत नाही," ते म्हणाले आणि डोकं धरून बसले. तेव्हा मी, जरा जास्तच हुशार माणूस असल्यामुळे, तोड काढली. काकू ज्या खेळाला येतील त्याची पेटी काकांनी आणायचीच नाही. माझ्या ओळखीचा एक कंडक्टर होता. त्याला गळ घालून, सामानाचं रीतसर तिकीट काढून, ती एस.टी.नं आणायची. त्या खेपेला माल वाहिलाच नाही तर चाखायला हरकत कसली? काकांनी दोन दिवस विचार केला, तांड्याच्या नायकाला, म्हणजे प्रमुखाला, विचारलं. नायकानं परवानगी दिली, पण एका अटीवर : त्या दिवशी गाडी जुंपायचीसुद्धा नाही.

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण काका अडून बसले, की दाखवायचा तर जग फिरून आलेल्या पेटीतलाच दाखवीन, साधासुधा नाही. ती पेटी तेव्हा जिल्ह्यात कुठे कुठे फिरत होती देव जाणे. महिने जात होते. काकूंना आधी बैलाची शिंगं दिसेनाशी झाली, मग ताटातली भाजी. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होतो. ती चिठ्ठी रशियाची नसून मला वाचता न आलेली कुठलीशी चिठ्ठी आहे, हे सांगायला मी दोनदा तांड्यापर्यंत गेलो आणि दोन्हीदा चहा पिऊन परत आलो. अखेर माघात, गावच्या चिंतामणीच्या जत्रेला, ती पेटी आली. एस.टी.च्या टपावरून उतरली. तिला काही झालं नव्हतं, एस.टी.लाही काही झालं नव्हतं.

दिवेलागणीच्या खेळाला काका आणि काकू तांड्यावरून पायी आले. काकूंनी ठेवणीतला आरशांचा घागरा घातला होता. मालकानं फुकट बसा म्हटलं, काकांनी ऐकलं नाही, रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढली. आणि खेळ सुरू झाला तेव्हा सगळा तंबू पडद्याकडे तोंड करून आणि एकटे काका मशीनकडे तोंड करून बसले! मागून आरडाओरडा झाला. काका म्हणाले, "माल इकडं हाय ना!" काकूंनी खांद्याला धरून त्यांना वळवलं. मग मात्र त्यांची मान परत फिरली नाही. तिसरं रीळ लागलं आणि पडद्यावर शेकडो माणसं नाचू लागली, तसे ते माझ्याकडे वळून आनंदानं म्हणाले, "तरीच! तीन नंबरचा डबा काहून जड लागते मले आज समजलं."

काकूंना पडदा सबंध दिसत नव्हता. त्या मान हळूहळू इकडून तिकडे नेत तो तुकड्यातुकड्यानं पाहत होत्या. कडेचं राहून गेलेलं काका त्यांच्या बोलीत कानात सांगत होते, कोण कुठून आला, कोण कुठं गेला. मला अधूनमधूनच कळत होतं. गोष्ट साधी होती : मुलगा शहरात जातो, आई वाट पाहते, तो परत येतो तोवर आई गेलेली असते. त्या जागी काकू रडल्या. मशीनचा उजेड त्यांच्या घागऱ्यावरच्या आरशांवर पडून तंबूच्या कापडावर ठिपके हलत होते. काका कुजबुजले, रूसच्या बायाही इथंच रडल्या असतील. काकू म्हणाल्या, तुम्ही गप्प बसा, मला पाहू द्या. मी मास्तर माणूस, पण मलाही समोरचं धूसर दिसू लागलं होतं.

त्या एका खेपेची किंमत महिन्याभरात कळली. टॉकीजच्या मालकाला दिसलं, की काकांना दिवस लागतो तिथे एस.टी. तासाभरात पेटी आणते आणि रस्त्यात जळतही नाही. त्यानं काकांना बोलावून चहा पाजला, आणि पेटी कायमची बसवर चढली. काकांची लदेणी पुन्हा बसली, आणि या वेळी ती आगगाडीनं नव्हे, माझ्या हुशारीनं बसवली होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. माफी मागायला गेलो, तर काका बैलांना पाणी पाजत होते. "तुमी कायले मनाले लावून घेता, मास्तर?" ते म्हणाले. "पेटी टायमावर पोचून राह्यली ना? मंग झालं तं." एवढं बोलून ते बैलाच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले.

माझी बदली झाली. दोन वर्षांनी कळंबवरून जाणं झालं तेव्हा मुद्दाम तांड्यावर उतरलो. काकूंना आता काहीच दिसत नव्हतं. दुपारची वेळ होती, ओट्यावर त्या मधोमध बसल्या होत्या आणि भोवती तांड्यातल्या बाया. त्या तो सिनेमा सांगत होत्या. गाण्याच्या जागी गात होत्या, नाचाच्या जागी हात नाचवत होत्या. काका एका कडेला भिंतीला टेकून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे डोळे मोठे करून ऐकत होते. मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांची बोली मला पुरती कळत नसली तरी गोष्ट ठाऊक होती. मुलगा शहरात गेला, वर्षं गेली, आणि परत आला. इथे आई मरायला हवी होती. पण काकूंच्या गोष्टीत आई ओट्यावर बसली होती. तिचे डोळे गेले होते, आणि दूरवर नुसती पावलं वाजली तशी ती उठून उभी राहिली आणि तिनं मुलाचं नाव घेतलं. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या.

असं त्या सिनेमात काही नव्हतं. माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. काकांनी माझा हात घट्ट दाबला.

"राहू द्या, मास्तर," ते हळूच म्हणाले, "आमच्या तांड्यात थो असाच लागला."