राबाच्या पलीकडचा हात

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला, शाळेत वर्गावर होते. चुलतभाऊ म्हणाला, "ये. सावकाश आलीस तरी चालंल. तुझा बाबा येत नाय तवर उचलू नका, असं सांगून गेलेत." जीपमध्ये बसल्यावर त्या वाक्याचा अर्थ लागला. माझे बाबा त्या वेळी गावी, वैशाखऱ्यात, आमच्या घरातच होते. मोठेबाबांचं दार आमच्यापासून वीस पावलांवर...

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. अठरा वर्षं दोघं बोलत नव्हते. आजी गेली तेव्हा बाबा कल्याणला कंपनीत कामाला होते. निरोप उशिरा पोचला, एसटी चुकली, आणि मोठेबाबांनी दुपारच्या आतच आजीला नेलं. बाबा आले तेव्हा चिता ढासळत आली होती. "माझी आई मला बघू नाय दिलीस," एवढंच ते भावाला बोलले. तेच शेवटचं.

राब मात्र दोघं मिळूनच भाजायचे. भाताचं रोप जिथं टाकायचं, तिथं उन्हाळ्यात शेण, टहाळ, पाला अंथरून जाळतात, तो राब. हे एकट्याचं काम नाही. एकानं पेटवायचं, दुसऱ्यानं ओला डहाळा घेऊन पलीकडं उभं राहायचं, नाहीतर आग गवतातून रानात शिरते. आमचा राब असला की मोठेबाबा न बोलावता यायचे. पलीकडं जाऊन हात वर करायचे, मग बाबा काडी ओढायचे. त्यांच्या राबाला बाबा तसेच उभे. काम झालं की दोघं दोन वाटांनी घरी. अठरा वर्षांत एकदाही आग बांधाबाहेर गेली नाही.

मला तेव्हा यात काही दिसलं नाही. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, आणि त्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. निकाल लागला त्या दिवशी पेढ्यांच्या निमित्तानं दोघांना विहारात एकत्र बसवलं आणि सगळ्यांसमोर समेटावर चांगली दहा मिनिटं बोलले. बाबा पेढा तसाच ठेवून उठले. मोठेबाबा मात्र शेवटपर्यंत ऐकत बसले. निघताना म्हणाले, "बेस बोललीस गो. पन भर वाऱ्यात कोन राब पेटवतं का? वारा पडायची वाट बघतात." मला राग आला होता. शाळा न पाहिलेल्या माणसानं मला शिकवावं...

त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं खोळंबून बसली होती. कोणीतरी म्हणालं, "ऊन चढलं, किती थांबायचं?" मोठेबाबांची बायको, मोठी आई, उशाशी होती. वर न बघता म्हणाली, "सांज झाली तरी थांबा. यकदा घाई केली ती पुरं, असं बोललेत."

मी आमच्या घरात गेले. बाबा दाराकडं पाठ करून बसले होते. या वेळी भाषण केलं नाही, मोठ्या आईचं वाक्य तेवढं सांगितलं.

"असं तो बोलला?"

"हो."

मग बाबा उठले, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि ती वीस पावलं चालून गेले. माणसं बाजूला झाली. बाबांनी स्वतः चेहऱ्यावरचं कापड काढलं आणि बघत राहिले. कोणी घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "बघितला रे दादा. पोटभर बघितला." मग त्रिशरण झालं, आणि खांदा द्यायला बाबा पुढं होते.

माफी मागायला माणसाला तोंड लागतं, असं मी समजत होते. या माणसानं स्वतःचं मरण अंगणात थांबवून ती मागितली. एवढं मोठं मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

मागच्या रविवारी आमचा राब भाजला. वारा पडल्यावर बाबा म्हणाले, "तू तिकडं रा. तो रायचा तिथं." मी डहाळा घेऊन पलीकडं गेले. बाबा काडीपेटी हातात धरून माझ्याकडं बघत नुसते उभे. काडी ओढेनात. मला वाटलं, हुंदका आला असेल... मग ध्यानात आलं.

मी हात वर केला. बाबांनी काडी ओढली.