धडधाकट माणसाला उचलून न्या

"फुफ्फुसात पाणी भरलंय," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे खिडकीकडे धरला. पिंजून ठेवलेल्या कापसासारखे पांढरे ठिपके दोन्ही बाजूंनी पसरले होते. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा फोटो चुकून हातात आला असेल. आमचे हे काल दुपारी आगीवर गेले होते खरे, पण संध्याकाळी घरी येऊन दोन वेळचं जेवण एकदम जेवले होते.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "काल जो धूर होता, त्याचा रंग कोणता होता?"

नवरा तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून पडलेला, ओठ जांभळे, आणि हे मला धुराचा रंग विचारतायत! पण मला तो ठाऊक होता. जेवताना यांनीच सांगितलं होतं, "दूध न टाकलेल्या चहासारखा धूर होता, लाल-लाल."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आत आणखी कोण होतं?"

हे मी लिहिते आहे ते बंबावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली, भंडाऱ्याची. भाऊबीज नुकतीच झाली होती. हे बंबावर फायरमन होते. गावात एका पितळेच्या भांड्यांच्या गोदामात तेजाबाचे, म्हणजे नायट्रिक ॲसिडचे, काचेचे बुधले ठेवलेले असत, कारण भांडी तेजाबात बुचकळली की लखलखीत निघतात. त्या दुपारी बुधले फुटले आणि तेजाब फरशीवर पसरलं. आमच्याकडे काहीही सांडलं, तेल असो की चिखल असो, लोक पहिल्यांदा धानाचा भुसा टाकतात. गिरणीवर तो ढिगाने पडलेला असतो आणि कुणी नाही म्हणत नाही. गोदामातल्या माणसांनीही पोतीच्या पोती भुसा ओतला. बंब पोचेपर्यंत भुसा पेटला होता आणि तो लाल धूर निघत होता.

आत गेले दोघंच, हे आणि केशवभाऊ. तोंडाला ओला टॉवेल बांधून. दुसरं होतं काय त्यांच्याकडे? आग विझवली, फरशी धुतली, बाहेर येऊन थोडे खोकले. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांना गुळाचा खडा मिळाला. गुळाने छाती साफ होते, असं बंबावर सगळेच मानत. गूळ खाऊन माणूस आपल्या पायांनी घरी गेला की झालं.

केशवभाऊ घरी गेले नाहीत. ते संध्याकाळच्या एसटीने आपल्या गावी बपेऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी तिथे मंडई होती, म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा, आणि मंडईत केशवभाऊ दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचत. जाताना आमच्या दारावरून हाक मारून गेले, "वहिनी, याले उद्या मंडईले धाडजा, तयार ठेवजा!"

"हे कायले येतेत? झोपून राहीन म्हनतेत," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो. आमच्या यांच्या झोपेची ख्याती साऱ्या गल्लीत होती. लग्न झाल्यापासून मी त्या झोपेवरून त्यांना टोचून बोलत आले. त्या दिवशीही जेवले आणि आडवे झाले. सकाळी उठले ते श्वास ओढतच. मी रिक्षा बोलावली आणि दवाखाना गाठला.

त्या आजाराचं नाव पल्मनरी एडीमा. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. तेजाबात भुसा, लाकूड, कापड असं काही पडलं की लाल-तपकिरी वायू निघतो. तो छातीत गेल्यावर लगेच फारसं काही वाटत नाही. माणूस हसतो, जेवतो, कामाला लागतो. आतून मात्र फुफ्फुसाचं अस्तर भाजलेलं असतं, आणि काही तासांनी त्यात पाणी झिरपू लागतं. या मधल्या वेळात जो धावपळ करतो, त्याचं जास्त बिघडतं.

"हे काल घरी येऊन काय करत होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपले होते," मी शरमून सांगितलं.

"त्यानेच वाचले."

 लगेच माझ्या डोळ्यांसमोर पायात घुंगरू बांधलेले केशवभाऊ आले.

मी केशवभाऊंचं गाव सांगितलं आणि बंबाच्या साहेबांनी जीप दिली. माझा दीर त्या जीपमध्ये बसला. डॉक्टरांनी मागे ऑक्सिजनचं नळकांडं ठेवायला लावलं आणि दिराला बजावलं, "तो धडधाकट दिसेल. मला काही झालं नाही म्हणेल. ऐकायचं नाही. एक पाऊलही चालू द्यायचं नाही, उचलून आणायचं."

जीप गेली. यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर केली आणि दाराकडे दाखवलं. दुसरा कुठे आहे, असं विचारत होते. "आणायला गेलेत," मी म्हटलं. सुया टोचल्या जात होत्या, नर्स नाडी बघत होती. मी बाकावर बसून दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होते.

पुढचं दिराने सांगितलं. मंडई भरली होती, दुकानांनी रस्ता भरून गेला होता, म्हणून जीप गावाबाहेर थांबली. केशवभाऊ घरात दंडारीचा फेटा बांधत होते. थोडे खोकत होते, बाकी ठीक. दिराने निरोप सांगितला. चार माणसं खाट घेऊन आली. तेव्हा केशवभाऊंची आई दारात आडवी झाली.

"माह्या घरातून जित्ता माणूस चौघांच्या खांद्यावर नाई जानार," ती म्हणाली. "कोनाले नेतात असं? अन् आज सनाच्या दिवशी?"

केशवभाऊ हसले. "माय बरोबर म्हनते. अबे, पाय हायेत ना मले! डॉक्टरची गोठ ठेवतो, येतो तुह्यासंगं. पन चालत येतो."

दिराने हात जोडले. कुणी ऐकलं नाही. खाट परत गेली. केशवभाऊ भर मंडईतून चालत निघाले, ओळखीच्यांना रामराम करत, फेटा तसाच डोक्यावर. साखरेच्या गाठ्यांच्या दुकानापाशी त्यांना खोकला आला, ते थांबले, पुन्हा निघाले. जीप समोर दिसत असताना ते खाली बसले. तोंडातून गुलाबी फेस आला. ऑक्सिजन लावला, जीप सुसाट सोडली. वाटेतलं तुमसर येण्याआधीच ते गेले.

मला हे दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं.  काल दारातून हाक मारून गेलेला माणूस! मला त्या म्हातारीचा इतका राग आला, की ती समोर असती तर काय बोलले असते ठाऊक नाही. मग आत यांच्याकडे पाहिलं आणि राग विरला. माझ्या दारात कुणी खाट आणली असती, तर मी काय केलं असतं? मीही आडवीच झाले असते.

यांना मी बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, की दोन-तीन आठवड्यांनी दम परत लागू शकतो, तेव्हा जपा. तो लागलाही, पण तेव्हा आम्ही वेळेवर गेलो.

बरे झाल्यावर आम्ही बपेऱ्याला गेलो. केशवभाऊंच्या आईने यांच्या छातीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी उचलू नाई देलं. लोकायले सांगत जाय. उचलू द्या म्हना."

म्हणून सांगते आहे.

पुढे बंबाच्या साहेबांनी यांना असल्या आगींचं काम शिकायला पाठवलं. तिथे शिकलेलं ते घरी मला ऐकवत. सांडलंय काय, ते आधी विचारायचं. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, खोलगट जागेत उतरायचं नाही. तेजाबावर भुसा, लाकडाचा चुरा, पोतं काही टाकायचं नाही. कोरड्या मातीचा बांध घालून ते अडवायचं, आणि धुरावर लांबूनच पाण्याचा फवारा मारायचा. ओला टॉवेल हा वायू अडवत नाही, पाठीवर हवेचं नळकांडं नसेल तर आत जायचंच नाही. आणि काम संपलं की गूळ नाही, थेट दवाखाना.

काही वर्षांनी साकोलीच्या बाजूला मोठ्या रस्त्यावर तेजाबाचा टँकर कलंडला. गावकरी भुशाची पोती बैलगाडीवर लादून निघाले होते, ती यांनी वाटेतच अडवली. नळकांडं पाठीवर घेऊन काम झालं, कुणी खोकलंही नाही. तरी यांनी सगळ्यांना दवाखान्यात आणलं. मला निरोप आला तशी मी धावले.

फाटकाशी गाडी थांबली होती. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले, तेव्हा यांच्या हाताखालची पोरं लाजून हसत होती, एकमेकांना ढकलत होती. कुणी आधी झोपेना. तेव्हा हे पुढे झाले, बूट काढले आणि स्वतः आडवे झाले, अगदी आपल्या घरच्यासारखे.

चौघांनी त्यांना उचललं. फाटकावरचे लोक बघत होते, एक बाई तर पदर तोंडाला लावून चुकचुकली. यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला. मी रडत होते आणि हसत होते.

"सांभाळून न्या रे," मी त्या चौघांना म्हटलं, आणि जिवंत नवऱ्याच्या बाजूने चालत आत गेले.